आधी कापड ठरव, मग छपाई

अगं, आधी तो फोन बाजूला ठेव बघू. सब्लिमेशन, डीटीएफ, डीटीजी, स्क्रीन, रिॲक्टिव्ह, पिगमेंट... एका संध्याकाळी एवढी नावं कानावर आदळली तर कोणाचंही डोकं भणभणेल. तू गोंधळलीस म्हणून तुला हे जमणार नाही, असं मनातसुद्धा आणू नकोस. खरं सांगू का, जो तो तुला आपापल्या यंत्राचं नाव सांगतोय. तुझा प्रश्न यंत्राचा नाहीच. कापड कोणतं आणि ते अंगावर घालून माणूस काय करणार, एवढं तू ठरवलंस की छपाईची निम्मी नावं आपोआप गळतात.

बघ, तुझ्यासमोर दोन वेगळी कामं आहेत आणि तू दोन्हींना मिळून एकच उत्तर शोधतेयस. एक तर गोविंदा पथकाचे साठ टी-शर्ट. गळ्यापासून खालच्या काठापर्यंत, बाह्यांसकट भरगच्च नक्षी, शिवाय पाठीवर प्रत्येकाचं नाव. दुसरं काम तुझ्या जिवाभावाचं आहे: भाताच्या लोंब्या, कुरडूची फुलं, आवणीच्या ओळी, ही तुझी चित्रं अंगभर छापलेले शर्ट आणि कुडते. कर्जतच्या फार्महाउसवर येणाऱ्या पाहुण्यांना तुला ते विकायचेत. पहिला कपडा घाम आणि पाण्याचे फवारे झेलणार. दुसरा कपडा कोणीतरी एप्रिलच्या दुपारी, पारा चाळिशीपार गेलेला असताना घालून बसणार. या दोन्हींचं कापडच एक नाही, तर छपाई एक कशी असेल?

पथकाचं काम आधी हातावेगळं करू, कारण त्याला तारीख आहे. तिथे पॉलिस्टर घे आणि सब्लिमेशन कर. निःशंक मनाने कर. साध्या खेळाच्या जर्सीचं जे 140 ते 160 जीएसएमचं कापड मिळतं ना, जाळीदार विणीचं, ते चालेल. घाम लवकर वाळतो, भिजलं तरी जड होऊन अंगाला ओढत नाही. सब्लिमेशनमध्ये चित्र आधी कागदावर छापतात, मग तो कागद कापडावर ठेवून साधारण दोनशे अंश सेल्सिअसला पाऊण-एक मिनिट दाबतात. त्या उष्णतेत रंगाची थेट वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्याच्या आत शिरते. थंड झालं की रंग आतच अडकतो. म्हणून हात फिरवलास तर छपाई हाताला लागतच नाही. डीटीएफमध्ये उलट, फिल्मवरचा रंग गोंदासकट कापडाच्या वर चिकटतो. सोप्या भाषेत, सब्लिमेशन म्हणजे मेंदी आणि डीटीएफ म्हणजे टिकली. छातीवरच्या छोट्या बोधचिन्हाला टिकली शोभते, पण अंगभर कोणी टिकल्या लावतं का गं? अख्ख्या टी-शर्टावर डीटीएफ केलंस तर वारा आत येणार नाही आणि बाहेर जाणार नाही. थरावर चढणाऱ्या पोराला तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवू नकोस.

सब्लिमेशनचे दोन नियम मात्र पाठ करून ठेव. पहिला, ते पांढरा रंग छापू शकत नाही. चित्रात जिथे पांढरं हवं तिथे कापडच पांढरं राहावं लागतं, म्हणून सुरुवात पांढऱ्या कापडापासूनच करायची. काळा टी-शर्ट हवा असेल तर पांढऱ्या कापडावर काळा छापायचा. दुसरा, कापड पॉलिस्टरच हवं. सुतीवर हा रंग बसत नाही, चार धुण्यांत फिका पडून जातो. मिश्र कापड असेल तर त्यातल्या पॉलिस्टरच्या धाग्यांवर तेवढा टिकतो आणि सुती धागे पांढुरके दिसायला लागतात. काहींना तो जुनाट रंग आवडतो. पण पथकाला तू तो सांगून दे, न सांगता देऊ नकोस.

दुकानदार छातीठोकपणे शंभर टक्के पॉलिस्टर म्हणाला तरी घरी आणून एक धागा जाळून बघ. मोरीत उभी राहा, चिमट्यात धागा धर आणि काडी लाव. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येईल आणि हाताला मऊ राख लागेल. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसेल, वितळेल आणि टोकाशी कडक मणी होईल. दोन्ही झालं तर मिश्र. एका मिनिटाचं काम आहे, पण साठ टी-शर्टांचा जीव त्यात असतो.

आणि पॉलिस्टर म्हटल्यावर नाक मुरडू नकोस हं. आपल्या खालापूर तालुक्यातच, पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत रिलायन्सच्या कारखान्यात 1982 पासून पॉलिस्टरचं सूत निघायला लागलं. त्याच्याही आधी, 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि तिथल्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. तू म्हणतेस ना, "कर्जत-खालापुरात बसून कपड्याचा धंदा कसा करायचा, सगळं तर सुरतेला आणि तिरुप्पूरला," तेव्हा मला हे आठवतं. कपड्याच्या धंद्याला आपला भाग परका कधीच नव्हता. छपाई बाहेरून करून आणायची आणि शिलाई इथे करायची, ही तर सरळ वाट आहे.

आता मुख्य गोष्ट ऐक, आणि ही लिहूनच ठेव. अंगभर छपाई करायची तर ती शिवण्याआधी करायची. शिवलेला तयार टी-शर्ट आणून त्यावर छापून देतो असं कोणी म्हणेल, स्वस्तही सांगेल. तेव्हा त्याने केलेला एखादा टी-शर्ट हातात घे आणि बाही वर उचल. काखेत पांढरे पट्टे दिसतील. तयार कपडा यंत्रावर पसरला की काखेत, बगलेच्या शिवणीजवळ, गळपट्टीखाली चुण्या पडतात आणि चुणीच्या आत रंग पोचत नाही. हे त्या माणसाच्या हलगर्जीपणाने होत नाही, ती पद्धतच तशी आहे. साध्या टी-शर्टाला ते कदाचित खपून जाईल, पण गोविंदांचे हात तर दिवसभर वरच असतात!

त्यामुळे पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या आणि गळपट्टी असे सुटे भाग छापून घ्यायचे. छापणाऱ्याला तुझ्या कटिंग मास्टरची मापं दे, प्रत्येक साइजची वेगळी. छत्तीसचं चित्र ताणून चव्वेचाळीसला बसवलं की चित्रातल्या गोल ढोलाचा लंबगोल होतो. प्रत्येक भागाच्या कडेने पाऊण इंच जास्तीची नक्षी ठेवायला सांग, म्हणजे शिवणीत पांढरी रेघ निघणार नाही. आणि कापड आधी छापून मग रेषेवर कापायचं. उष्णतेत पॉलिस्टर थोडं आक्रसतं, आधी कापलंस तर बाही लहान आणि मुंढा मोठा अशी गत होते. नावांची चिंता सोड. सब्लिमेशनमध्ये प्रत्येक पाठीवर वेगळं नाव आलं तरी वेगळा साचा लागत नाही, फक्त फाइल बदलते. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला एक स्क्रीन लागते, मग ते साठ टी-शर्ट असोत की सहाशे. एकाच नक्षीचे शेकडो नग असतील, रंग दोन-तीनच असतील, तर स्क्रीन परवडते. तुझ्या पथकाच्या नक्षीत सतरा छटा आणि साठ नावं आहेत. तिथे स्क्रीनचा विचारही करू नकोस.

शिलाई कशेळे-कडावकडच्या तुझ्या बचत गटातल्या बायकांनाच दे. पण नक्षी त्यांच्या हाताला झेपेल अशी निवड. आडवे पट्टे असले की पुढचा पट्टा मागच्याला बगलेत तंतोतंत जुळवावा लागतो आणि ताणल्या जाणाऱ्या कापडावर ते फार जिकिरीचं काम आहे. विखुरलेली छोटी नक्षी घेतली की शिवणीत काय कुठे तुटलं ते कोणाला कळत नाही. त्याउलट चेहरा असेल तर तो शिवणीपासून लांब, छातीवर किंवा पाठीवर मधोमध हवा. महाराजांचं किंवा बाप्पाचं चित्र अंगभर पसरवायचं नाही, बाई. माणूस बसला की कपड्याचा खालचा भाग कुठे जातो, याचा विचार कर. कॉम्प्युटरवर चित्र सुंदर दिसतं, अंगावर आल्यावर मूर्ती बगलेत चिरलेली असते, आणि मग ते कोणालाच बरं वाटत नाही. नक्षी अंगभर पसरू दे, दैवत मात्र एका जागी सन्मानाने असू दे.

भगव्याबद्दल तर मी तुला बजावूनच सांगते. फोनच्या पडद्यावरचा भगवा आणि कापडावरचा भगवा यांची गाठ क्वचितच पडते. कधी तो लालसर विटकरी येतो, कधी पिवळा पडतो. म्हणून छापणाऱ्याकडून त्याच्याच यंत्रावर, तुझ्याच कापडावर, भगव्याच्या आठ-दहा छटांची एक पट्टी छापून घे. प्रत्येक छटेखाली तिचा क्रमांक. ती पट्टी पथकाच्या पोरांना दिवसाच्या उजेडात, अंगणात दाखव आणि त्यांनी बोट ठेवलेल्या क्रमांकावर त्यांच्याकडून सही घे. काळ्याचंही तसंच बघ, तो हिरवट किंवा तपकिरी झाक मारत नाही ना. आणि चमकणारा सोनेरी किंवा झगमगीत रेडियमचा रंग साध्या चार शाईंतून निघत नाही, हे आधीच सांगून टाक.

चित्राची फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, ती दाबून लहान होते. डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि प्रत्यक्ष मापाला निदान 150 डीपीआय असू दे. एवढं सांगितलंस की छापणारासुद्धा तुझ्याशी नीट बोलायला लागेल, बघच.

आता एक गोष्ट तू मला विचारली नाहीस, पण तुझ्या मनात आहे. हीट प्रेस विकत घेऊ का? नको गं. आत्ता नको. जी छोटी प्रेस तुला परवडते आहे ती पंधरा बाय पंधरा इंचाची. मोठ्या माणसाच्या टी-शर्टाचा पुढचा भाग साधारण बावीस इंच रुंद आणि एकोणतीस-तीस इंच लांब असतो. त्या प्रेसवर तू निदान चारदा दाबशील आणि प्रत्येक जोडावर एक रेघ उमटेल. अंगभर छपाईला रुंद प्रिंटर आणि तापलेल्या मोठ्या रुळाचं यंत्र लागतं, ती खोलीभर जागेची आणि मोठ्या वीज जोडणीची कामं आहेत. कर्ज देणारा लगेच देईल, पण हप्ता पावसाळ्यात वीज गेली म्हणून थांबत नाही. वर्षभर काम बाहेरून करून घे. सातत्याने ऑर्डरी आल्या तर मग आपण दोघी बसून हिशोब करू.

तुझ्या सुती कपड्यांकडे येते, कारण मला माहितीय तुझा जीव तिथे आहे. तिथे पॉलिस्टर अजिबात नको. सुतीवर अंगभर छपाईसाठी दोन चांगल्या वाटा आहेत. एक म्हणजे डिजिटल रिॲक्टिव्ह. यात रंगाचं सुताशी रासायनिक बंधन होतं, रंग खुलून येतात, स्पर्श मऊ राहतो. पण त्यासाठी कापडाला आधी सोडा-युरियाची प्रक्रिया करावी लागते, छापल्यावर वाफ द्यावी लागते आणि उरलेला रंग निघेपर्यंत धुवावं लागतं. दुसरी वाट पिगमेंटची. रंग चिकटवणाऱ्या द्रव्यासह धाग्यावर बसतो आणि कोरड्या उष्णतेने पक्का होतो. धुण्याची यातायात फारशी नाही, खर्च आणि वेळ कमी. पण गडद रंगांत कापड जरा ताठर लागतं आणि घासणीच्या जागी, कॉलरवर, खिशाच्या कडेला, काळाने फिकं पडतं. तुझ्या लोंब्या नाजूक आहेत, बरंचसं कापड मोकळं आहे. त्यांना पिगमेंट पुरेल. ती गडद निळ्या पावसाची जी नक्षी आहे ना, पूर्ण भरलेली, ती रिॲक्टिव्हमध्येच कर. पैसे जास्त जातील, पण तो निळा अंगावर मऊ लागायला हवा.

रिॲक्टिव्ह घरी करून बघायचा हट्ट मात्र धरू नकोस. त्याचं धुण्याचं रंगीत, खारट पाणी कुठे जाणार? तुझ्या परसामागून ओढा जातो, तो उल्हासला मिळतो. सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातच ते काम दे, आणि तशी सोय आहे का हे तोंड उघडून विचार. स्क्रीन छपाईच्या लहान कामातही रंगाने माखलेल्या पट्ट्या आणि चौकटी नदीवर नेऊन धुवायच्या नाहीत, आधी जाड रंग खरवडून वेगळा काढायचा.

डीटीजीबद्दल विचारलंस, तर तो तयार सुती टी-शर्टावर थेट छापणारा प्रिंटर आहे. एखाद-दोन नगांना उत्तम. पण छपाईची चौकट छातीएवढी, साधारण चौदा बाय सोळा इंच. अंगभर कामाला तो तुझा नाही, विषय संपला.

सुती कापड मीटरवर घ्यायचं. पन्ना 44 इंच असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला सव्वादोन मीटर धर, कुडत्याला अडीच. त्यात नक्षीला दिशा असेल, म्हणजे लोंब्या सगळ्या वरच्याच बाजूला बघत असतील, तर कापड उलटंसुलटं ठेवून कापता येत नाही आणि जास्त लागतं. थोडं कापड वाचवायला लोंब्या दोन्ही दिशांना डोलू देत, चित्रही जिवंत वाटेल. कर्जतच्या लोकलने उल्हासनगरला जा, किंवा मशिदीला उतरून मंगलदास मार्केट गाठ. थान हाताळून घे. मुरवलेलं कापड आहे का विचार, नसेल तर नमुना घरी धुऊन आक्रसण्याचा अंदाज घे. जर्सीचं विणीचं कापड मात्र किलोवर मिळतं, मीटरवर नाही, तेव्हा भाव ऐकून दचकू नकोस. साधारण किलोत चार ते पाच टी-शर्ट बसतात.

एक हलकंसं, पण मनापासून सांगते. कोणीतरी तुला म्हणालं, वारली टाक, पाहुण्यांना तेच हवं असतं. वारली चित्रं पालघर-डहाणूकडची, ती ज्यांची आहेत त्यांना विचारून, मोबदला देऊनच घ्यावी. तुझ्याकडे तुझं स्वतःचं आहे की. कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेली भातं राज्यभर पेरली जातात, मग त्या भाताची लोंबी कर्जतच्या शर्टावर असण्याइतकं सरळ दुसरं काय असेल?

आता आपल्या पावसाचं. जूनपासून चार महिने आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल्या असतात, आणि छपाईला ओलावा चालत नाही. सब्लिमेशनचा छापलेला कागद हवेतली ओल धरतो, मग चित्राच्या कडा फुटतात, मधेच ठिपके येतात. डीटीएफची पावडर गुठळ्या धरते, स्क्रीनवरचं इमल्शन वाळता वाळत नाही. कापडही दमट असतं. म्हणून छापणाऱ्याला सांग, कागद बंद पिशवीत ठेव आणि खरी छपाई करण्याआधी कापड काही सेकंद नुसतंच तापवून घे. तो हसला तर हसू दे, तू विचारलंस म्हणजे तो करेल. तुझ्याकडे आलेले छापील भाग जमिनीवर रचू नकोस. पलंगावर किंवा फळीवर, प्लास्टिकमध्ये, प्रत्येक साइजचा वेगळा गठ्ठा, वर मापाची चिठ्ठी.

आणि तारीख! गोपाळकाला झाला की दहा-अकरा दिवसांत गणपती बसतात. त्या काळात मुंबई, ठाणे, सगळीकडची पथकं आणि मंडळं त्याच छापणाऱ्यांच्या दारात उभी असतात. तुझ्या पथकाला सांग, नक्षी आणि मापांची यादी आषाढातच पक्की हवी. यादी तोंडी घेऊ नकोस. नाव, छातीचं माप इंचात, बाहीची लांबी, आणि नावाचं शुद्धलेखन ज्याचं त्याने तपासलेलं. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही. ओळखीची पोरं आहेत म्हणून तुला संकोच वाटतो, ठाऊक आहे मला. पण कापडवाला तुला ओळखीवर थान देत नाही, गं. पैसे मागणं म्हणजे अपमान करणं नव्हे.

तेव्हा या आठवड्यात एवढंच कर. एक टी-शर्ट, पूर्ण. छापून, कापून, गटातल्या ताईंकडून शिवून घे. छपाईवर ओला पांढरा रुमाल खसाखसा घासून बघ, रंग रुमालावर आला तर छापणाऱ्याला तो रुमालच नेऊन दाखव. मग घरच्या साबणाने पाच वेळा धू, दर वेळी पूर्ण वाळव. छपाईच्या उरलेल्या तुकड्यांपैकी एक न धुता कपाटात ठेव, म्हणजे शेजारी धरून फरक कळेल. पथकातल्या सगळ्यात धिप्पाड पोराला तो घालायला लाव, हात वर करायला सांग, उड्या मारायला सांग. काखेत, खांद्यावर, ताणल्या जाणाऱ्या जागी पांढरं उघडं पडतंय का बघ.

पाचव्या धुण्यानंतरचे फोटो मला पाठव, धुतलेला तुकडा आणि न धुतलेला शेजारी ठेवून, खिडकीच्या उजेडात. आणि सुतीचं थान आणायला जाशील तेव्हा आदल्या रात्री फोन कर, मी कर्जतहून तुझ्याबरोबरच गाडी पकडेन.